‘आईला मदत कर’ यातच खरी गोम आहे

नाशिकहून एका वाचक भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असा मजकूर गाळून त्यातलं मुख्य तेवढं देते.

त्या नोकरी करतात, यजमान कारखान्यात पाळ्यांमध्ये. घरी सासूबाई आणि तीन मुलं. थोरला मुलगा १६ वर्षांचा, अकरावीत, इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा क्लास लावलेला. मधली मुलगी १२ वर्षांची. शेंडेफळ ५ वर्षांचं. अकरा वर्षं घरी धुणं-भांडी, केर-फरशी करणाऱ्या मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने गावी गेल्या आणि घराची घडी विस्कटली. ताईंनी नेटवरून ‘वयानुसार मुलांची कामं’ असा तक्ता छापून फ्रीजवर लावला. प्रत्येक कामाला एक चांदणी, दहा चांदण्यांना पन्नास रुपये. पहिला आठवडा धूमधडाक्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात थोरला म्हणाला, ‘मला पैसे नकोत, म्हणजे कामही नको.’ वर हेही, की ‘आपण मावशींना पैसे देतो ना, मग बदली बाई बघ.’ मुलगी प्रत्येक कामाला ‘दादाला का नाही सांगत?’ म्हणते. धाकटा मात्र न सांगता सगळ्यात लुडबुड करतो. कणकेत हात, पाण्याचा तांब्या उपडा. सासूबाईंचं म्हणणं, ‘परीक्षा तोंडावर आली आणि पोराला भांडी कसली घासायला लावतेस? मुलीला शिकव, तिला पुढे उपयोगी पडेल.’ शेवटी रात्री अकरा वाजता ताईच ओट्यापाशी उभ्या. मुलीने घातलेल्या टॉवेलच्या घड्या कपाटात नीट बसत नाहीत म्हणून त्या सगळे निजल्यावर परत घालतात.

त्यांचे प्रश्न तीन. कोणत्या वयाला कोणतं काम द्यावं? पैसे द्यावेत का? आणि थोरल्याला दोन वर्षं सोडून द्यावं का? शेवटी एक ओळ आहे: ‘मी मुलांवर अन्याय तर करत नाही ना?’

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल होती आणि ‘मदत’ हा शब्द आला की खाली रेघ मारत गेले. सतरा रेघा झाल्या. मुलं मदत करत नाहीत. मुलगी थोडीफार मदत करते. धाकट्याची मदत म्हणजे दुप्पट काम. यजमान तर अख्ख्या चार पानांत एकदाच येतात, तेही ‘हे बिचारे सुट्टीच्या दिवशी मदत करतात’ असे.

मदत कोणाला, ताई? थोरला ज्या ताटात जेवला ते ताट, सायकलच्या चेनचं वंगण लागलेली त्याची पॅंट, तो झोपून उठला ती चादर, ही कामं तुमची कधी झाली? घरातलं सगळं काम मुळात आईचं आणि बाकीच्यांनी हात लावला तर तो त्यांचा चांगुलपणा, हे आपल्यात इतकं मुरलंय की मुलांना रागावतानाही आपण तेच शिकवतो. मदत मागितली की नाही म्हणायची सोय आपोआप होते. शेजारणीने शिडी मागितली आणि नाही दिली, तर फार तर ती मनात राग धरते. थोरल्याने तेच केलं. तुम्ही भाव सांगितलात, त्याला तो परवडला नाही. त्याचं बोलणं उद्धट आहे, पण तुम्ही मांडलेल्या हिशेबात चोख बसतं.

माझं लहानपण कोकणातल्या एका खेड्यात गेलं. वीज आली होती, पण तिचा भरवसा नव्हता. संध्याकाळी कंदिलाच्या काचा पुसायचं काम माझ्याकडे होतं. माझ्याकडेच का, तर काचेच्या तोंडातून मोठ्या माणसाचा पंजा आत जात नसे, माझा जाई. चिंधीवर चुलीतली राख घेऊन आतली काजळी काढायची, मग कोरडं फडकं, मग तोंडाची वाफ सोडून शेवटचा हात. वात कात्रीने सरळ कापायची. तिरकी कापली तर ज्योत एका बाजूने चढते आणि पुसलेली काच तासाभरात पुन्हा काळी. एकदा खेळाच्या नादात विसरले. त्या रात्री सगळं घर मिणमिणत्या उजेडात जेवलं. आई अक्षर बोलली नाही. आजोबांनी मात्र वाटी डोळ्यांजवळ नेऊन ‘ही आमटीच ना गं?’ असं विचारलं. पुढे एकदा काच फुटलीही. आईने पैसे हातावर ठेवले आणि नवी आणायला मलाच दुकानात पिटाळलं.

‘आमच्या वेळी’ची टिमकी वाजवायला हे सांगत नाहीये. आमच्या वेळी पुष्कळ वाईटही होतं. माझ्या बहिणीने धाकट्या भावंडांपायी शाळा बुडवली, ते मला कुणी कौतुकाने सांगायला लागलं तर मी उठून जाते. काचांची गोष्ट सांगितली ती एवढ्यासाठी, की ते काम लहान असूनही आख्खं माझं होतं. कधी करायचं ते मला ठाऊक होतं, नाही केलं की घराला दिसत होतं आणि आठवण करणारं कुणी मागे नव्हतं.

तुमच्या फ्रीजवरच्या तक्त्यात नेमकं हेच नाही. असे तक्ते मी बरेच पाहिलेत. एक तर ते दुसऱ्याच कुठल्या तरी घरावरून बेतलेले असतात. डिशवॉशर रिकामा करणे, अंगणातलं गवत कापणे, कुत्र्याला फिरवणे. तुमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत यातलं काय करायचं? पण ते सोडा. त्यात कामाचे तुकडे असतात. बाटल्या भर, केर काढ, कपडे आण. मग संध्याकाळी घरात पाऊल टाकल्यापासून कोणी काय केलं ते बघायचं, राहिलेलं आठवायचं, चारदा सांगायचं, चांदणी चिकटवायची, हे सगळं कुणाकडे? हात मुलांचे आणि डोकं तुमचं. तुम्ही लिहिलंय, ‘स्वतः केलं तर लवकर होतं.’ होणारच. मुकादमी हेही कामच आहे, आणि ते सगळ्यांत थकवणारं.

तेव्हा तो तक्ता फ्रीजवरून काढून टाका. मुलांना सरळ सांगा की हे आईला जमलं नाही, आपण दुसरं करू. मग प्रत्येकाला एक किंवा दोनच कामं द्या, पण मुळापासून शेंड्यापर्यंत.

मुलीला कचरा द्या. हसू नका. ओला-सुका वेगळा आहे ना ते बघणं, रात्री खोल्याखोल्यांतले डबे एकत्र करणं, सकाळी घंटागाडीचं गाणं ऐकू आलं की खाली धावणं, ओल्याचा डबा धुऊन उपडा घालणं, हे सगळं तिचं. गाडी चुकली तर दुसऱ्या दिवसापर्यंत कोळंबीची सालं घरात राहतील आणि जे बोलायचं ते वासच बोलेल. तुम्ही गप्प बसायचं. अवघड तेच आहे, गप्प बसणं. दुसरं काम गॅस सिलिंडरचं. शिल्लक बघून नंबर लावणं, सिलिंडर आला की सील तपासून घेणं, तारीख कॅलेंडरवर लिहिणं. १२ वर्षांच्या मुलीला हे छान जमतं. सिलिंडर जोडायचं काम मात्र मोठ्यांकडेच ठेवा.

आणि स्वयंपाकघरात थोरला जाईल. मुद्दामच उलटी वाटणी केली आहे. तुम्ही नुसतं ‘कामं वाटून घ्या’ म्हटलं असतं, तर आठवड्याभरात बाहेरचं त्याच्याकडे आणि ओट्याजवळचं तिच्याकडे गेलं असतं, आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

त्याला रात्रीचा कुकर द्या. १६ वर्षांच्या मुलाला कुकर लावता न येणं ही काही परीक्षेची तयारी नव्हे. पहिल्या दिवशी तुम्ही लावा, त्याने बघायचं. डाळ-तांदूळ धुणं, डाळीत हळद-हिंग आणि तेलाचा थेंब, भाताला किती पाणी ते तुमच्या तांदळाप्रमाणे, कुकरच्या तळाशी पाणी आहे ना, झाकणाची रिंग नीट बसली का. शिट्टीखालचं भोक उजेडासमोर धरून आरपार बघायचं. त्यात भाताचं शीत अडकलेलं असतं, आणि हे आपण पोरांना सांगायचं विसरतो कारण आपला हात ते नकळत करतो. शिट्ट्या झाल्या की गॅस बंद, आणि वाफ पूर्ण जिरेपर्यंत झाकणाशी खेळ नाही. का नाही, ते त्यालाच विचारा. आत पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळत असतं आणि दाब बाहेरच्या जवळजवळ दुप्पट असतो, हे तो माझ्यापेक्षा चांगलं समजावून देईल. त्याच क्लासची फी भरताय तुम्ही. दुसऱ्या दिवशी त्याने लावायचा, तुम्ही जवळ उभं राहायचं, हात पाठीमागे बांधून. तिसऱ्या दिवशी तुम्ही बाहेरच्या खोलीत.

चौथ्या दिवशी डाळीत पाणी कमी पडेल, नाहीतर भाताची पेज होईल. खा. ‘मला वाटलंच होतं’ हे वाक्य गिळा, त्यासोबत भातही गिळला जातो. एखाद्या रात्री तो विसरेल. त्या रात्री कुणी धावत जाऊन कुकर लावायचा नाही. पोळी-भाजी खा आणि भाताची वाट बघणाऱ्या आजीला काय सांगायचं ते त्याला ठरवू द्या. हाताचं काम मोजलंत तर दहा-बारा मिनिटांचं आहे. फोन हातात घेऊन तो न्हाणीघरात जातो त्याहून कमीच असेल.

याशिवाय स्वतःचं ताट खरकटं काढून विसळणं, स्वतःचे कपडे मशीनला लावणं आणि वाळत घालणं. ही कामं म्हणून मोजूच नका. १२ वर्षांच्या पुढे ज्याचं त्याने, यात तुमचे यजमानही आले. दोन वर्षांनी हा मुलगा बहुधा कुठल्या तरी वसतिगृहात असेल. माझ्या ओळखीतला एक हुशार मुलगा पहिल्या सत्रात दर शनिवारी मळके कपडे बॅगेत भरून सहा तासांचा प्रवास करून घरी येत असे. आईला वाटे, किती माया!

आता परीक्षा. सराव परीक्षांचा पंधरवडा आला, खरोखरच जमत नाही, असं होईल. अशा वेळी काम माफ करू नका, बदलून घेण्याची मुभा द्या. पण बदली त्याने बहिणीकडे मागायची, तुमच्याकडे नाही. ‘पंधरा दिवस कुकर तू लाव, सुट्टीत महिनाभर कचरा मी बघतो’, असा सौदा त्या दोघांत होऊ दे. नाही पटला तर नाही पटला.

सासूबाईंशी वाद घालू नका असं सांगणं सोपं आहे, म्हणून जरा थांबून लिहिते. ‘तिला पुढे उपयोगी पडेल’ हे त्यांचं वाक्य खोटं नाही, फक्त अर्धं आहे. त्या ज्या जगात वाढल्या तिथे ते खरंच होतं, आणि फारसं बदललेलंही नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. सहा वर्षांपासून पुढच्या सगळ्यांना दिवसभरात काय काय केलं ते विचारलं. घरातल्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया शंभरातल्या ८१ निघाल्या आणि पुरुष २६. जे करत होते त्यांच्यातही स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. सहा वर्षांपासून, हे लक्षात घ्या. हा फरक लग्नाच्या मांडवात सुरू होत नाही. तुमची मुलगी ‘दादाला का नाही’ म्हणते ते तुम्ही पत्रात ‘कुरकुर’ म्हणून लिहिलंय. माझ्या मते तिचा हिशेब बरोबर आहे. त्याच २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघं बसून भाजी निवडताहेत असं चित्र आलं, तेव्हा त्याची बातमी झाली होती. बाप भाजी निवडतो याची बातमी! पण ते पुस्तक शिकलेली पोरं आता तुमच्या मुलीच्या आगेमागेच आहेत. ती विचारणारच.

हे आकडे सासूबाईंना ऐकवू नका, उपयोग व्हायचा नाही. त्यांची भीती वेगळी असावी. नातवाला मार्क कमी पडले तर खापर घरातल्या बायकांवर फुटतं, हे त्यांनी पाहिलेलं असणार. त्यांना विरोधी पक्षात ढकलण्याऐवजी मास्तरीण करा. कुकर झाला की वरणाला फोडणी लागते. मोहरी तडतडल्याशिवाय जिरं टाकायचं नाही, हिंग किती, कढीपत्ता टाकताना मागे कसं सरायचं, हे नातवाला त्यांनी शिकवायचं. आजीला विचारून बघा. ‘छे, त्याला कशाला’ म्हणतील. दोन दिवसांनी ‘अरे, तेल तापलं का बघ आधी’ असा आवाज आला तर नवल वाटायला नको.

यजमानांबद्दल थोडकंच लिहिते, कारण तुम्हीही थोडकंच लिहिलंय. पाळीची नोकरी दमवते, मान्य. पण मुलगा आईचं ऐकून कमी आणि बापाकडे बघून जास्त शिकतो. त्यांनाही एक आख्खं काम द्या, पाळी कोणतीही असो जमेल असं. समजा, रात्रीचा ओटा आवरणं किंवा इस्त्री. आणि त्यांनी ते केल्यावर शाबासकी देऊ नका. तुम्हाला कोण देतं?

आता धाकटा. तुमच्या घरात या घडीला कामाला आपणहून धावणारा तो एकटाच आहे, आणि ओट्यापासून हाकलला जाणाराही तोच. हे मला पत्रातलं सगळ्यांत वाईट वाटलं. जर्मनीतल्या लायपझिगला फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी २००६ मध्ये दीड वर्षाच्या मुलांवर साधे प्रयोग केले. मोठ्या माणसाच्या हातून वस्तू पडली, कपाट उघडता येईना, की ही दुडदुडणारी पोरं आपणहून पुढे येत. शिकवलेलं नव्हतं, मागितलेलंही नव्हतं. ती ओढ असतेच. आपण पाच-सहा वर्षं ‘मधे येऊ नकोस’ म्हणत राहतो, आणि दहाव्या वर्षी ‘हा काही करतच नाही’ म्हणून मला पत्र लिहितो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. मॉन्टेसरींच्या पद्धतीत झाडणं, पाणी ओतणं, पुसणं ही कामं लहानग्यांचा अभ्यासच असतो. या दोघींनी ती पद्धत आपल्या मातीत आणली. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं. तुम्हाला तेही लागत नाही, घरात मटार आहेत. शेंगा आणि एक परात देऊन त्याला जमिनीवर बसवा. अर्धे मटार खाईल, खाऊ दे. मोज्यांच्या जोड्या लावणं, जेवायच्या वेळी चमचे-भांडी मांडणं, कोथिंबिरीची पिवळी पानं काढणं, तुळशीला पाणी. कणकेचा गोळा हवा असेल तर लिंबाएवढा द्या आणि त्याची वेडीवाकडी पोळी तव्यावर खरोखर भाजा. खोटं खोटं काम पाच वर्षांचं मूलही ओळखतं. तांब्या लहान द्या, म्हणजे सांडलं तरी एका फडक्यात पुसलं जाईल, आणि ते फडकं कुठे असतं ते आधी दाखवून ठेवा. वेळ जाईल. शनिवार-रविवारीच करा, रोज ऑफिसच्या घाईत नको.

ज्यांच्याकडे अधल्यामधल्या वयाची मुलं आहेत त्यांच्यासाठी ओझरतं सांगते. तीन-चार वर्षांचं मूल चपला जागेवर आणि मळके कपडे बादलीत टाकू शकतं. सात ते नऊचं मूल अंथरूण-पांघरूण काढू शकतं, लसूण सोलू शकतं, ताटं-पाणी घेऊ शकतं, शाळेतून आल्यावर डबा स्वतः धुऊ शकतं (डबा शुक्रवारी दप्तरात राहून सोमवारी निघाला की काय होतं, हे एकदा बघू द्या). काकडी, केळं यांवर सुरी धरायला याच वयात शिकवा. पण वयापेक्षा उंची आणि स्वभाव बघा. ओटा ज्याच्या छातीला लागतो त्याला गॅसजवळ उभं करू नये, मग तो दहा वर्षांचा का असेना. पातेल्यातलं उतू गेलं तर थेट अंगावर येतं. उकळतं तेल, विळी, मिक्सरच्या भांड्यात हात (आधी पिन काढल्याशिवाय कधीच नाही), वाळत घालायला गॅलरीतून ओणवं होणं, इथे तक्त्यातलं वय बघू नका, तुमच्या पोराचा धांदरटपणा बघा. मोठ्या मुलांना संडास-बाथरूम घासायला जरूर द्या, पण एक पढवूनच: ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर किंवा द्रव ब्लीच कधी एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. ‘दोन्ही टाकलं तर जास्त स्वच्छ’ असं तर्कट लढवणारी मुलं असतात. मोठी माणसंही असतात.

पैशांचं. त्याच लायपझिगच्या जोडीने २००८ मध्ये आणखी एक प्रयोग केला, वीस महिन्यांच्या मुलांवर. काहींना मदत केल्यावर बक्षीस म्हणून वस्तू मिळाली, काहींचं तोंडी कौतुक झालं, काहींना काहीच नाही. पुढच्या फेरीत बक्षीसवाली मुलं मदतीला कमी आली. तुमच्या फ्रीजवर हाच प्रयोग झाला, फक्त मूल १६ वर्षांचं होतं. रोजच्या कामाला पैसे नकोत. खाऊचे पैसे द्यायचे असतील तर ते ठरावीक तारखेला, कामाशी न जोडता. वर्षातून एखादं जादाचं काम असतं, दिवाळीआधी माळा साफ करणं वगैरे, त्याचे दिले तर माझी हरकत नाही. आणि रद्दी! महिनाभर गठ्ठे बांधून ठेवील, भाव करील, काटा बघील त्याने आलेले पैसे घ्यावेत. घासाघीस शिकण्याची ती शाळा स्वस्तातली आहे.

थोरल्याचं ‘आपण मावशींना पैसे देतो ना’ हे वाक्य मी शेवटाकडे मुद्दाम ठेवलं होतं. त्यावर तुम्ही काय बोललात ते पत्रात नाही. मला वाटतं, बोलू नका, दाखवा. रात्री ज्या ताटात भात वाळला ते सकाळी त्याला एकदा घासू द्या. नखाने शीत खरवडावं लागतं ते कळेल. अकरा वर्षं हे कोण करत होतं तेही कळेल. मावशी परत आल्या की खरी कसोटी आहे. तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकाल, मुलं तुमच्याहून मोठा टाकतील, आणि कुकर, कचरा, मटार सगळं महिन्याभरात इतिहासजमा होईल. तसं होऊ देऊ नका. मुलांची कामं मुलांकडेच राहू द्या, मावशींचा पगार आहे तोच राहू द्या, आणि त्यांच्यापुढे भांडी येतील ती खरकटं काढून, पाणी घालून.

अन्यायाचं विचारलंत. थोरल्यावर आणि धाकट्यावर नाही. मुलीवर थोडा होत होता, तो कचऱ्याच्या डब्याने निस्तरेल असं वाटतं.

राहिले टॉवेल. ते तुमच्या मुलीचं काम आहे ना? मग रात्री अकरा वाजता परत घड्या घालणं बंद करा. तिला हे माहीत आहे, ताई. सकाळी कपाट उघडल्यावर आपली घडी ओळखू येत नाही हे १२ वर्षांच्या मुलीला कळतं, आणि म्हणूनच ती दिवसेंदिवस कशीही घालते आहे. घडी बसतच नसेल तर दुपारी तिला सोबत घेऊन कपाटाची रुंदी बघा, तीनात घालायची की चारात ते तिला ठरवू द्या. तरीही रविवारी कपाट उघडलंत आणि सगळे टॉवेल कोंबलेले दिसले, तर त्यातला वरचा एक ओढून घ्या, दार लावा आणि अंघोळीला जा.